भिंगरीच्या पलंगाच्या फळ्या

मी तो शब्द दिला तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर ढब्बू दूध ओकत होता आणि उजव्या हातात भिंगरीचा एक बूट होता. अशा अवस्थेत दिलेला शब्द कुठल्याही न्यायालयात टिकू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण भिंगरी साडेपाच वर्षांची आहे आणि तिचं न्यायालय निराळं आहे. तिथे पुढची तारीख मिळत नाही, वकील चालत नाही आणि एकमेव साक्षीदारही तीच असते.

झालं असं, की आमच्या इमारतीच्या अंगणातला शिरीष वादळात पडला. पडला तोही अगदी सभ्यपणे. एका बाजूला सायकलींची शेड, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि हा मधल्या मोकळ्या जागेत आडवा. जणू आदल्या दिवशी येऊन जागा मोजून गेला होता. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याने खिडकीतून पाहिलं आणि वारा वायव्येकडून आला होता, असं जाहीर केलं. भिंगरीने पाहिलं आणि काहीच जाहीर केलं नाही. काचेला नाक लावून उभी राहिली.

ते झाड तिचं होतं. म्हणजे कागदोपत्री पालिकेचं. पण ढब्बू झाल्यापासून, गेले नऊ महिने, तिने आपलं बिऱ्हाड त्याच्याखाली हलवलं होतं. घरातली तिची एकेक जागा जात चालली होती ना. तिची निळी चादर ढब्बूकडे गेली, छोटी खुर्ची गेली, माझ्या कुशीतली भिंतीकडची बाजू गेली. तिने काही दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं. त्या बदल्यात मी तिला एक वाक्य दिलं होतं. गोष्ट सांगतेस? ढब्बू झोपला की. वेणी घालतेस? ढब्बू झोपला की. अडचण एवढीच होती, की ढब्बू झोपला की मीही झोपायचे. कधी पलंगावर, कधी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर, एकदा तर फ्रिजचं दार धरून उभ्या उभ्या.

तर ती मान न वळवता म्हणाली, "आता मी कुठे बसू?"

आवाजात रडणं नव्हतं. नुसती चौकशी होती, बँकेच्या खिडकीवर करतात तशी. तिने भोकाड पसरलं असतं तर मी तिला समजावलं असतं. या चौकशीने मात्र मी कोलमडले.

"आपण ना, या झाडाचा तुझा पलंग करू."

ती वळली. "माझा?"

"तुझा."

"ढब्बू झोपणार त्यावर?"

"नाही. फक्त तुझा."

तिने मला जरा वेळ निरखलं. मग माझ्या हातातला बूट घेतला आणि आपणहून पायात घातला. साडेपाच वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी मी आनंदाने नाचले असते. त्या वेळी मी दुसरा बूट शोधायला वाकले. या मुलीने माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला होता, आणि मला पलंगातलं ओ की ठो कळत नव्हतं.

घरात काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे. ढब्बूला शिंक आली तर मी त्याला दोन थर्मामीटर लावते. दुसरा, पहिल्यावर विश्वास नाही म्हणून. नवऱ्याकडे धीर देण्याचं खातं आहे, पण ते तो नीट चालवत नाही.

"पलंग दुकानातून आणू," तो म्हणाला. "सांगू, झाडाचाच आहे. खोटं थोडंच आहे? पलंग झाडाचेच असतात."

"तिला कळेल."

"कसं कळेल?"

"तू वर्गात चुकीची राजधानी सांगितलीस तेव्हा पोरांना कसं कळलं?"

त्या प्रसंगाबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, पण माझा नाइलाज होता.

दुसऱ्या मजल्यावर पूलवाले काका राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्तीनंतर पूल मिळेनात, म्हणून ते आता समोर येईल त्या गोष्टीत लक्ष घालतात. मी अंगणात जाऊन खोडाकडे नुसतं पाहत उभी होते, एवढ्यात ते मोजपट्टी घेऊन हजर झाले. खोडाभोवती दोनदा फिरले, नखाने साल उचकटली, वास घेतला.

"सात फूट सरळ, दोन फूट जाड," ते म्हणाले. "अगं, सोनं आहे हे. आत गडद तपकिरी गाभा निघेल. कठीण लाकूड. पण आरागिरणीत न्यायचं तर क्रेन लागेल, ट्रक लागेल, आणि झाडं वाहून न्यायला परवाना लागेल."

"मग कसं करायचं?"

"गिरणीलाच इथे आणायचं. चेन-सॉ असते ना, झाडं तोडायची? तिला एक लोखंडी चौकट जोडतात. ओंडका जागेवरच ठेवायचा आणि चौकटीने उभा चिरत जायचं. एकेक फळी पावासारखी सुटते."

तळमजल्याच्या मावशी आपल्या खिडकीतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "शिरीषाच्या भुशाने शिंका येतात हो." या सबंध प्रकरणात ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांतला हा एकच सल्ला शंभर टक्के खरा निघाला आणि तेवढाच कोणी मनावर घेतला नाही.

पण आधी परवानगी. ढब्बूला पोटाशी बांधून मी पालिकेच्या उद्यान खात्यात गेले. तिथल्या कारकुनाच्या टेबलावर एक कुंडी होती आणि तिच्यातलं रोप मेलेलं होतं, हे पाहून माझा धीर तिथेच निम्मा झाला.

"झाड कोणी तोडलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. वाऱ्याने पाडलं."

"आमच्याकडे तीन अर्ज आहेत. झाड लावणे, झाड तोडणे, फांद्या छाटणे. पडणे असा अर्ज नाही."

"पण ते पडलंय."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतोय? मी एवढंच म्हणतोय, की अर्ज नाही."

ढब्बूने त्याचा रबरी शिक्का तोंडात घातला. मी तो काढला, ओढणीला पुसला आणि परत ठेवला. ओढणीवर आणि ढब्बूच्या हनुवटीवर 'आवक' असं उमटलं. कारकून ते पाहून थोडा विरघळला असावा. त्याने रजिस्टर उघडलं.

"हे बघा मॅडम. तुमच्या अंगणात माझ्या नोंदीप्रमाणे एक ओंडका आणि फांद्या आहेत. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ट्रक येईल आणि ते घेऊन जाईल. ओंडका असेपर्यंत तो आमचा."

"आणि ओंडका नसला तर?"

त्याने चष्मा काढला. "म्हणजे?"

"त्याच्या फळ्या झाल्या असल्या तर?"

त्याने रजिस्टर पुन्हा ओढलं. पानं मागे उलटली, पुढे उलटली. मग अतिशय हळू आवाजात म्हणाला, "फळ्या आमच्याकडे येत नाहीत. फळी म्हणजे फर्निचर. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही." आणि पेन्सिलीने मेलेल्या रोपाची माती उकरू लागला.

म्हणजे हातात शनिवारचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत. घरी येऊन मी भिंगरीला हे सांगितलं नाही. पण तिने तोवर पलंगाचं चित्र काढून भिंतीला चिकटवलं होतं. पलंगाला सहा पाय होते. "दोन जास्तीचे," ती म्हणाली, "एखादा मोडला तर." काळजीचं खातं पुढे कोणाकडे जाणार आहे, हे मला तेव्हाच कळलं.

झाडं तोडणारा माणूस काकांच्या ओळखीतून मिळाला. त्याला सगळे झाडवाला म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. रुंद, बुटका, आणि फार कमी बोलणारा. कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच: "बघू."

"दादा, एका दिवसात होईल ना?" मी फोनवर विचारलं.

"बघू."

"आवाजाने बाळाच्या कानाला काही होणार नाही ना?"

"लांब ठेवा."

"किती लांब?"

"बघू."

शनिवारी तो आठला येणार होता. अकराला आला. त्या तीन तासांत मी सोळा वेळा गॅलरीत गेले, दोनदा कचऱ्याच्या गाडीला झाडवाल्याची गाडी समजून हात केला, आणि नवऱ्याने "येईल गं" हे दोन शब्द इतक्या वेळा उच्चारले, की शेवटी ढब्बूही त्याच्याकडे संशयाने पाहू लागला.

आल्यावर झाडवाल्याने आधी तासभर साखळीचे दात घासले. आडवं कापायचे दात वेगळे आणि उभं चिरायचे वेगळे, असं त्याने सांगितलं. त्याचं त्या दिवसातलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. मग म्हणाला, "शिडी आहे?"

मला वाटलं, वर चढायचंय. पण शिडी ओंडक्यावर आडवी टाकायची असते. खोड गोल, खडबडीत. त्यावरून चौकट सरळ धावणार कशी? म्हणून पहिला काप शिडीच्या रुळावरून घ्यायचा. तो सरळ आला, की पुढचा काप त्या कापलेल्या सपाटीवरून, त्याच्या पुढचा त्याच्यावरून.

"म्हणजे पहिला काप महत्त्वाचा," काकांनी बोट वर करून सांगितलं. "तो चुकला की पुढचे सगळे तसेच्या तसे चुकत जातात. एकही आपणहून सुधारत नाही."

हे काय आईला सांगायचं असतं? पहिलं मूल असलेल्या आईला? मी भिंगरीकडे पाहिलं. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, तिच्या बाबाची लोकरीची टोपी कानांवर ओढून, नवऱ्याने बांधलेल्या दोरीच्या पलीकडे बसली होती. साडेपाच वर्षांतले माझे सगळे पहिले काप माझ्या डोळ्यांपुढून गेले.

शिडी काकांची. ॲल्युमिनियमची, हलकी, जुनी. तिची दोन्ही टोकं ओंडक्याच्या दोन टोकांना स्क्रूने घट्ट बसवली. पण खोड मध्यावर जरा खोलगट होतं, त्यामुळे शिडी तिथे अधांतरी राहिली. झाडवाल्याने हात टेकून पाहिला, शिडी लवली.

"मधे आधार पाहिजे. बरोब्बर एवढा," त्याने अंगठा आणि तर्जनी दाखवली.

विटेचा तुकडा आणला, मोठा झाला. फरशीचा आणला, लहान झाला. नवऱ्याने नकाशांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि लगेच परत नेलं. तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "माझा ठोकळा घ्या."

तिच्या खेळण्यातला लाल लाकडी ठोकळा होता तो. किल्ल्याच्या बुरुजाचा. तो तिने ढब्बूपासून नऊ महिने उशीच्या अभ्र्यात लपवून वाचवला होता. दोरीपर्यंत येऊन तिने तो स्वतः झाडवाल्याच्या तळहातावर ठेवला. "पलंगासाठी आहे ना, म्हणून," ती म्हणाली.

ठोकळा असा चपखल बसला, की झाडवाला चक्क हसला. काकांनी वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यात येऊन थांबला. आम्ही सगळे त्या बुडबुड्याभोवती वाकून उभे होतो. एवढी शांतता आमच्या घरात कोणी आजारी असतानाही नसते.

मग पाचच मिनिटांचा अवधी होता. झाडवाला गाडीपाशी पेट्रोल भरायला गेला. काका दोऱ्याची गुंडी आणायला वर गेले. नवरा सायकली लांब नेऊन ठेवत होता. भिंगरी शू करायला आत पळाली होती. मी एकटी ओंडक्यापाशी, कडेवर ढब्बू. आणि ढब्बूने सूर लावला. त्याला ऊन नको होतं, सावली नको होती, चिंध्यांचा हत्ती नको होता. मावशी खिडकीतून हात पसरून म्हणत होत्या, "आण गं त्याला इकडे, मी बघते." आणि मी चालता चालता... आता हे कसं सांगू? मूल रडत असलं की आईचा हात तिला न विचारता काम करतो. हाताला लागेल ते मुलाच्या हातात जातं. किल्ल्या जातात, चष्मा जातो, एकदा विजेचं बिल गेलं होतं. मला काही काढल्याचं आठवतही नाही. ढब्बू गप्प झाला, मी त्याला मावशींकडे सोपवलं आणि खिडकी घट्ट लावून घ्यायला सांगून दोरीपलीकडे आले. शिडी जागची हललीही नव्हती. नुसती ठेवलेली शिडी कशाला हलेल?

झाडवाल्याने चेन-सॉचा दोर खेचला आणि सुरू झाली ती.

त्या आवाजाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की तिसऱ्या मजल्यावरचे ऐकू न येणारे आजोबा "कोण आहे?" म्हणत दार उघडायला आले. साखळी खोडात शिरली आणि मागच्या बाजूने भुशाचा फवारा उडाला. आधी फिकट पिवळा, मग बिस्किटासारखा, मग गडद तपकिरी. झाडवाला गुडघ्यात वाकून, चौकटीवर सगळं अंग टाकून, बोटाबोटाने पुढे सरकत होता. नवरा मागून चिरेत लाकडी पाचरी ठोकत होता, चीर मिटून साखळी अडकू नये म्हणून. आणि मग पहिली शिंक आली.

ती काकांची. मग नवऱ्याची, पाचर हातात असताना. मग माझ्या ओळीने सात. खिडकीच्या काचेआड मावशी शांतपणे मान हलवत होत्या. "मी सांगितलं होतं" हे वाक्य काचेतूनही स्पष्ट वाचता येत होतं. अशा शिंकांच्या घाईत कोण खाली बसून फळी न्याहाळणार? वरचं सालीचं फळकूट निघालं, ते बाजूला लोटलं. पहिली फळी निघाली, चौघांनी धरून भुशाच्या ढिगावर सारली. दुसरी निघाली. तीन वाजले. मी झाडवाल्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहत होते.

मधेच एक नवीन भानगड. मशीन चालू असलं, की ढब्बू मावशींकडे गाढ झोपायचा. इंजिन बंद झालं, की जागा होऊन किंचाळायचा. त्यामुळे झाडवाल्याने पाणी प्यायला हात वर केला, की मावशी काच वाजवून त्याला खुणेने चालू ठेवायला सांगायच्या. झाडवाल्याला ही इमारत नेमकी कसली आहे ते कळेना. पण त्याने मुकाट्याने तिसरी फळी काढली आणि सव्वाचारला चौथी.

ट्रक पाचला येणार होता तो साडेचारलाच आला. (सरकारी ट्रक लवकर येतो, तो दिवस नेमका हाच.) ट्रकवरच्या माणसाने कागद पाहिला. "ओंडका कुठाय?"

"ओंडका नाहीये," मी म्हणाले. "फळ्या आहेत."

त्याने कागद उलटा करून पाहिला. "फळ्या नाहीत यात."

"बरोबर. म्हणून त्या तुमच्या नाहीत."

त्याने डोकं खाजवलं, दोन शिंका दिल्या, फांद्या आणि वरखालची सालीची फळकुटं भरली आणि निघून गेला. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी भुशावरच फतकल मारली. जिंकलो होतो आपण.

हे सुख पावणेपाचपर्यंत टिकलं.

फळ्या टाकीशेजारच्या फरशीवर रचायला घेतल्या. पहिली ठेवली तर तिची दोन्ही टोकं हवेत. दाबलं एक टोक, दुसरं वर. झाडवाल्याने टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून धरला. फळीच्या मध्यावर दोऱ्याखाली दोन बोटं आरामात जात होती. दुसरी फळी तशीच. तिसरी तशीच. चौथी तशीच. चारही फळ्यांना एकसारखा झोळ, जणू चौघी सख्ख्या बहिणी.

"शिडी वाकडी," झाडवाला म्हणाला.

"माझी शिडी?" काका ताठ झाले. "तीस वर्षं सरळ आहे ती. तुमचा हात जड."

"पृथ्वी गोल आहे, त्याचा काही...?" नवऱ्याने सुरुवात केली.

"सात फुटांत एवढी गोल नाही," काका म्हणाले. "आणि एवढं काय त्यात? पुलाला आम्ही मुद्दाम असा बाक देतो. फक्त वरच्या बाजूने. उलट्या ठेव, पूल होईल."

"काका, मला पलंग हवाय."

"पुलावरही झोपता येतं," काका म्हणाले. ते अनुभवाने बोलत असावेत.

तेवढ्यात मावशींनी खिडकी उघडली. कडेवर ढब्बू, नुकता उठलेला, गाल लाल. त्याच्या तोंडात, दोन्ही हातांनी गच्च धरलेला, लाळेने चकाकणारा, भिंगरीचा ठोकळा होता.

तो फक्त मला दिसला. बाकीचे दोऱ्यात गुंतले होते. मी काय केलं असेल? मी पुढे होऊन खिडकीसमोर उभी राहिले, पडद्यासारखी. माझी पाठ त्यांच्याकडे, तोंड ढब्बूकडे, आणि डोक्यात एकच विचार: कोणाला काही कळायचं कारण नाही. शिडी जुनी आहे. हात जड आहे. पृथ्वी गोल आहे.

पण मागून झाडवाल्याचा आवाज आला. "माझंच चुकलं असणार," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. वय झालं." आणि तो खाली बसून चौकटीचे बोल्ट सोडायला लागला, एकेक, मान खाली घालून.

मग मात्र मला बाजूला व्हावं लागलं. "दादा," मी म्हणाले, "आधार मी काढला. बाळ रडत होतं."

सगळ्यांनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूने ठोकळा तोंडातून काढला आणि हसला. त्याला प्रेक्षक आवडतात.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. झाडवाल्याने पाना खाली ठेवला. "माझ्या बायकोने गाडीची किल्ली दिली होती," तो म्हणाला. "आमचा रडत होता म्हणून."

"मग?"

"अजून सापडली नाही. पोरगा आता कॉलेजला आहे."

काकांनी आपली शिडी हळूच कुरवाळली. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि, देवाची कृपा, "असू दे गं" म्हणाला नाही.

त्यांनी फळ्या रचल्या. प्रत्येक दोन फळ्यांमधे पट्ट्या, हवा खेळायला. कापलेल्या टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून मावशींनी न्हाणीघराचा उरलेला पोपटी रंग दिला. झोळ एकसारखा असल्यामुळे फळ्या एकीच्या कुशीत एक अशा छान बसल्या. निघताना झाडवाला मशीन गाडीत टाकत सहज म्हणाला, "आता अडीच वर्षं हात लावू नका."

"कशाला?"

"फळ्यांना. ओलं लाकूड आहे. फळी अडीच इंच. इंचाला एक वर्ष धरा वाळायला."

आणि गेला. पूर्ण वाक्यात बोलला आणि गेला.

भिंगरी अजून पायरीवर होती. टोपीमुळे तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ट्रक ओंडक्याशिवाय गेलेला मात्र तिने पाहिला होता, आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती, की तसं पाहिलेलं मी नऊ महिन्यांत विसरूनच गेले होते. नवरा म्हणाला, "उद्या सांग." मी उद्यावर टाकण्यात पटाईत आहे. पण उद्या मला जमलंच नसतं. मी दोरी ओलांडून गेले, तिची टोपी काढली, कानांतला भुसा फुंकला आणि तिला हाताला धरून फळ्यांपाशी आणलं.

"दोन गोष्टी सांगायच्यात," मी म्हणाले. "दोन्ही वाईट आहेत."

"सांग."

"तुझा पलंग वाकडा झालाय. मी शिडीखालचा तुझा ठोकळा काढला. ढब्बूला दिला."

तिने बोटाने पोपटी रंग टोचला. बोट पोपटी झालं.

"तो मी पलंगासाठी दिला होता," ती म्हणाली.

"हो."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं. चुकलं माझं."

"दुसरी?"

"लाकूड वाळायला अडीच वर्षं लागतात. मला माहीत नव्हतं. तोपर्यंत पलंग करता येणार नाही."

अडीच वर्षं म्हणजे काय, ते तिला कळलं असेल असं वाटत नाही. मलाही कळत नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. रडेल, आत निघून जाईल, भिंतीवरचं ते सहा पायांचं चित्र फाडेल. त्यातलं काही झालं नाही. ती रचलेल्या फळ्यांवर चढली आणि उताणी आडवी झाली. झोळ बरोब्बर तिच्या पाठीखाली आला. तिने हात दोन्हीकडे पसरले, कडा चाचपल्या.

"यातून पडायला होत नाही," ती म्हणाली. मग जरा सरकली. "इकडे ये."

फळी दोन फूट रुंद. मी कुशीवर, अर्धी बाहेर, कशीबशी मावले. ओल्या लाकडाचा आंबट वास येत होता आणि तिच्या केसांत भुसा होता. वेणी तिने स्वतः घातली होती, एकच बाजू. मी दुसरी घालायला घेतली.

आणि मावशींच्या खिडकीतून ढब्बूने सूर लावला.

माझे पाय आपोआप जमिनीकडे गेले. भिंगरीने मला धरलं नाही. फक्त माझ्याकडे न पाहता वर, जिथे आठवडाभरापूर्वी फांद्या होत्या तिथे पाहत राहिली आणि वाट पाहू लागली, मी नेहमीचं वाक्य म्हणायची. ढब्बूचा आवाज चढला. तो भुकेचा नाही, रागाचा आहे, हे मला कळत होतं. मी पाय परत वर घेतले. वेणीचे तीन पेड सारखे केले. एक पेड, दुसरा पेड. वेणी वाकडी होत होती. तिकडे मावशी काहीतरी गात होत्या, बेसूर, आणि तो त्यांच्याही वर रडत होता. मी शेवटापर्यंत घातली आणि रबर लावलं.

तिने वेणी पुढे घेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली.

"आता जा," ती म्हणाली. "पण ठोकळा माझा मला आणून दे."

"आणि त्याला काय देऊ?"

तिने विचार केला.

"चमचा दे. चमचे सगळ्यांचे असतात."